दोन रोलर

मानवतला, बसस्टँडच्या मागे,
झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पॅनकार्ड
अशी पाटी लावलेलं माझं सहा बाय आठचं दुकान.
लाईट असली की सर्व्हर नसतो,
सर्व्हर असला की तहसीलचा बाबू जेवायला गेलेला.
धुरपताबाई भदर्गे नेमक्या तेव्हाच येतात.

पिशवीतून कागद काढतात डाव्या हाताने.
उजवा पदराखाली.
तो मी एकदाच पाहिला, स्कॅनरवर ठेवला तेव्हा :
अंगठा, आणि त्याच्या शेजारी
कापणी झालेलं रान.

चार बोटं जिनिंगच्या रोलरमध्ये गेली,
ऐन हंगामात, बाहेर गाड्यांची रांग असताना.
मशीन थांबलं. मशीन सुरू झालं.
लाल झालेला कापूस तेवढा बाजूला काढला
आणि वजनातून वजा केला.

कंपनीच्या डॉक्टरनं लिहिलं, तीस टक्के.
सिव्हिलच्या बोर्डानं लिहिलं, बेचाळीस.
हात तोच.
चाळीसच्या वरच्या त्या दोन टक्क्यांवर
निराधारची पगार चालू झाली,
महिन्याचं तेल-मीठ आणि नातवाची वही.

परभणीच्या कोर्टात कंपनीचा वकील उठला :
बाईंना शासनाचं अनुदान आहे, साहेब,
बाईंचं भागतंय.
साहेब म्हणाले, ते यात धरायचं नाही.
चार वर्षांत कोर्टानं एवढं एकच वाक्य
तिला कळेल असं उच्चारलं.

चार लाख अडतीस हजार, मुदत ठेव.
पाच वर्षं हात लावायचा नाही, बँकेचा माणूस म्हणाला.
ती म्हणाली, कोणता लावू?
तो ओशाळून पेन शोधायला लागला,
जे त्याच्या कानावरच होतं.

मग तलाठ्यानं बेरीज केली.
ठेवीचं व्याज तीस हजार सहाशे साठ,
पोराच्या हमालीचे वीस हजार तीनशे.
पन्नास हजारांच्या वर
नऊशे साठ रुपयांनी श्रीमंत झालेली धुरपताबाई.
लाभ बंद. शिवाय
सात महिन्यांची पगार परत भरा, अशी नोटीस.

"दादा, कोर्ट म्हनलं, पगार यात धरायची न्हाई.
मंग तहसीलनं
कोर्टाचे पैसे कामून धरले?
एका हापिसानं हाताची किंमत देली
म्हून दुसरं म्हनतंय, तुला हात हाय?"

मी स्क्रीनकडे बघितलं.
उत्पन्नाचा स्रोत निवडा :
शेती. नोकरी. व्यवसाय. इतर.
मी ‘इतर’ दाबलं.
पुढची खिडकी उघडली : उजव्या हाताची तर्जनी ठेवा.
तिनं अंगठा ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
तिनं तो पदराला पुसून पुन्हा ठेवला,
जणू चूक घामाची होती.

अपील मी लिहून दिलं. तारीख टाकली.
"खाली सही करनाऱ्याचं नाव" इथं तिचं नाव लिहिलं
आणि डाव्या अंगठ्याला शाई लावली.
तीस रुपये झाले. घेऊ नयेत असं वाटलं, घेतले,
कारण दुकानाचं भाडं
कोणाच्याच टक्क्यांत धरत नाहीत.

जाताना परत वळली.
तीस टक्क्यांचा कागद आणि बेचाळीसचा,
दोन्ही एकाच पाकिटात लॅमिनेट कर म्हणाली.
"एकमेकाशी बोलत न्हाईत ते.
पाठीला पाठ लावून तरी ऱ्हाऊ दे."

मशीन तापायला पाच मिनिटं लागतात.
हिरवा दिवा लागला, मी पाकीट पुढं सरकवलं,
दोन रोलरच्या फटीत त्याची कडा अडकली
आणि ते आपोआप आत ओढलं जाऊ लागलं, हळूहळू, एकसारखं.

ती दारापर्यंत मागं सरली होती.
पदराखाली काहीतरी
मुठीसारखं आवळलं.