पडताळणी बाकी

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात, सकाळी सात.
ऋजुता टिपणीस माझ्यापुढे निळं बाड ठेवते.
दोनशे तीस पानं, एकाच बाजूला छापलेली.
"मसुदा आहे, साहेब. वाचाल?"

मी वैधमापन निरीक्षक.
सव्वीस वर्षं काट्यांवर शिक्के मारले.
गोण्यांच्या थप्पीला टेकून वाचत बसलो,
चहावर साय धरेपर्यंत.

तिचं म्हणणं असं, की नियमाला
जन्मतारखेसोबत मरणाची तारीखही लिहावी.
दहा वर्षांनी त्याने उभं राहून सांगावं,
मी अजून कुणाच्या उपयोगी पडतो.
पटलं मला.
माझ्या कपाटात असे कितीतरी नियम आहेत
ज्यांचं तेरावंसुद्धा कुणी घातलं नाही.

पुढे: कुठल्या गाळ्याची तपासणी, कधी,
ते निरीक्षकानं ठरवू नये. चिठ्ठी काढावी.
चिठ्ठी!
मला आठवला कोपऱ्यावरचा एक गाळा,
जिथे माझी पावलं आपोआप लांब पडायची,
आणि दर दिवाळीला घरी येणारा
काजूकतलीचा डबा.
मी पान उलटलं. जरा घाईनेच.

मग मंडळ. निरीक्षकांवर नजर ठेवणारं,
अर्धे सभासद बाहेरचे,
ज्यांचं पोट काट्यावर चालतं असे.
"आणि त्या मंडळावर कोण?"
ती हसली. हा प्रश्न तिला
प्रत्येक परिसंवादात कुणीतरी विचारतंच.
"पान एकशे ऐंशी."
तिथे बाणांचं एक वर्तुळ होतं.

बबन ढेबे पाठीवरची गोणी उतरवून थांबला.
"ताई, यात हमालीचा दर आलाय का?"
"नाही हो."
"मग एवढं जड कशानं झालं?"

गंमत म्हणून बाड काट्यावर ठेवलं.
बाराशे साठ ग्रॅम.
ढेब्यानं ते उचललं, तळहातावर झुलवलं.
"काटा जरा जास्तच बोलतोय, साहेब."

काट्यावर माझाच शिक्का, गेल्या मार्चचा.

मी पेटी उघडली. आत मखमल,
मखमलीत पितळेचं एक किलो,
माझ्या अंगठ्यानं एका कडेला गुळगुळीत झालेलं.
झाकणाच्या आत प्रमाणपत्र.
दरवर्षी प्रयोगशाळेत नेऊन
हे वजनच तोलून आणायचं असतं.
तारीख उलटून तीन वर्षं झाली.
गाडी नव्हती. पत्र गेलं होतं.
ज्याला गेलं, त्याची बदली झाली.
स्मरणपत्र मी लिहिलं नाही.

तीन वर्षांत किती काटे,
किती पोती, किती कांदा,
कुणाकडून कुणाकडे किती ग्रॅम सरकला,
त्याची वही कुठल्याच खात्यात नाही.

ऋजुताचं पेन वर थांबलेलं.
"हे लिहू?"
बाहेर नाशिकची गाडी रिकामी होत होती,
ढेबे परत वाकला होता.
मी पेटी मिटली, पुन्हा उघडली.

"लिही. एकशे ऐंशीवर, त्या बाणांच्या शेजारी.
तारखेसकट लिही.
आणि आडनाव नीट घाल. मढवी.
मागच्या चौकशी अहवालात
माधवी छापलंय."