आधी काहीच न लिहिलेलं

मोल्देच्या धक्क्यावर, फेरी कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर
आयलर्टने सत्तावीस वर्षं एकच प्रोग्राम राखला:
कुठली गाडी कुठल्या रांगेत, कुठल्या टाकीत किती पाणी,
म्हणजे बोट एका अंगावर कलणार नाही.

टाकीतल्या पाण्याआधी त्याने लिहिलं होतं, प्रायव्हेट.
मी नवी होते. एका तक्त्यासाठी मला तो आकडा हवा होता.
डिसेंबरातला शुक्रवार, साडेतीन, फ्योर्डवर अंधार पडलेला.
एक शब्द खोडला, पब्लिक केलं, घरी गेले.

सोमवारी तिकीट विभागातल्या कुणा पोराने
त्या आकड्यात सरळ शून्य भरलं.
त्याला वाटलं, शून्य म्हणजे ‘माहीत नाही’.
बोटीला वाटलं, शून्य म्हणजे शून्य.
पंप इमानाने कामाला लागले.
खारवलेल्या कॉडचा ट्रक, शाळेची बस, एक शववाहिका,
सगळे रॅम्पवर खोळंबले;
आणि कप्तान टुर्गाइर फोनवर जे बोलला
ते इथे लिहीत नाही.

आयलर्ट आला. थर्मास ठेवला, खुर्ची ओढली.
रागावला नाही.
दाराला अडसर लावावा तसा
तो शब्द परत जागी बसवला,
आणि मला दोन ओळींचं फंक्शन लिहून दिलं.
म्हणाला, विचार, सांगेन. हात घालू नकोस.

स्वतःही तसाच.
कसा आहेस विचारलं की ‘चाललंय’, एवढंच परत यायचं.
बायको गेल्याचं आम्हाला कळलं
ते रजेच्या अर्जावरून,
तोही अर्ध्या दिवसाचा.

गेल्या मार्चमध्ये तो गेला.
त्याची मुलगी बर्गनहून आली, त्याचा कप न्यायला.
ती शाळेत मुलांना हेच शिकवते, म्हणून तिने नेमकं विचारलं:
‘वारसांना दिसावं म्हणून एक शब्द असतो.
बाबांनी तो वापरलाय कुठे?’
शोधलं.
चाळीस हजार ओळींत प्रोटेक्टेड एकदाही नाही.
उलट मुख्य क्लासच्या कपाळावर फायनल:
यातून पुढे कुणी निपजायचं नाही.
ती हसली, किंवा हसण्यासारखं काहीतरी केलं.

मग मी चाचणीची फाईल उघडली.
तिच्यातून रोज सकाळी आम्ही एक खोटी बोट पाण्यात सोडतो,
खरी सुटण्याआधी.
बोटीचं नाव गुनव्होर. वजन तीन पूर्णांक दोन.
‘टन असावेत,’ मी म्हटलं, ‘कधी नीट कळलं नाही.’
‘किलो,’ गुनव्होर म्हणाली. ‘जन्माच्या वेळचं.’

त्या ओळीआधी काहीच लिहिलेलं नव्हतं.
ना प्रायव्हेट, ना पब्लिक.
असं मोकळं सोडलं की ते फक्त
त्याच खोलीतल्यांना दिसतं.
आम्ही अकरा वर्षं रोज पाहत होतो.
ती दुसऱ्या गावात वाढत होती.

कप तिने नेला नाही.
विसळला, आणि त्याच्याच टेबलावर
पालथा घातला.