तिसरं गेट

नळी जांभळ्या टोपीची. चिकटपट्टीवर नाव आधी कन्नडमधून,
मग खाली कुणीतरी बॉलपेननं मराठीत:
सातेरी गुंडू पाखरे, वय एकोणीस, कणकुंबी.
मज्जा सकाळी काढलेली. अजून अंगाची ऊब आहे असं वाटतं,
नसते. हातमोज्यातून मी दरवेळी फसते.

लाल पेशी आधी फोडून टाकायच्या. दहा मिनिटं.
तोवर बाहेरच्या बाकावर हिरेमठ मॅडम डबा उघडतात,
अर्धी जोळदरोट्टी माझ्याकडं सरकवतात, "तगोरी."
मी विचारते, "चटणी कसली?"
आमचं असंच चालतं. त्या त्यांच्यातून, मी माझ्यातून.

मग प्रतिपिंडं, रंग चढवलेली.
हिरवं चमकलं तर सीडी एकोणीस,
केशरी चमकलं तर सीडी तेहतीस.
पेशी रांगेनं निघतात, निळ्या लेझरपुढून एकेक,
आणि जाता जाता उजळतात.
इथं चेहरा बघत नाही कुणी. पाटी बघतात.
पाटी वाचायची, ठिपका ठेवायचा. पुढची.

खडेबाजारात दुकानांच्या पाट्या मोजायला माणसं येतात,
वरची अक्षरं केवढी, खालची केवढी, टेप लावून.
त्या टेपची नि माझ्या लेझरची तुलना मी कधी केली नाही.
केली. एकदा, बसमध्ये. मग लाज वाटली.
इथं पाटी चुकली तर औषध चुकतं.

मी टिळकवाडीतली. आमच्याकडं पत्ता गेटनंच सांगतात,
पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट,
मालगाडी आली की सगळी शाळा रुळाच्या अलीकडं.
स्क्रीनवरही हाच शब्द. माऊसनं कुंपण ओढायचं.
पहिलं गेट: जोडीनं चिकटलेल्या पेशी बाहेर.
दुसरं: पंचेचाळीस अंधुक, अंगात दाणे कमी,
म्हणजे कोवळ्या, न पिकलेल्या, नको तेवढ्या.
शेजारी साध्या लिम्फोसाइटचा लहानसा ठळक पुंजका,
बाजूच्या घरात काय पेटलंय ठाऊकच नसल्यागत.

तिसरं उघडलं आणि ढग दोन निघाले.

खाली उजवीकडं एकोणीस आणि दहा, हे बी पेशींचं घराणं.
वर डावीकडं तेहतीस, एकशे सतरा;
भोकं पाडून आत शिरलो तर मायलोपेरॉक्सिडेजसुद्धा.
हे घराणंच वेगळं.
दोन्हींच्या अंगावर चौतीस. दोन्ही बाळंच अजून,
एका पोराच्या हाडात.

आणि मधे ठिपके. विरळ. हिरवेही, केशरीही.
मोजले. त्रेसष्ट.
"कचरा," मी म्हणाले.
"अल्ल," मॅडम म्हणाल्या. मग मराठीतून, सावकाश,
"कचरा असता तर विखुरला असता. हे ओळीनं उभे आहेत बघ."
परत धुतलं, परत रंगवलं, परत चालवलं.
रात्रीचे साडेआठ. अठ्ठावन्न आले. ओळीनं.

दाराशी त्याची आई, खुर्ची असून उभी.
"बाई, रोगाची जात कुठली निघाली?"
तिला कुणी सांगितलेलं, जाती दोन असतात,
एकीला औषध लवकर लागू पडतं.
"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं.
"तुम्हीच बघितलासा न्हवं?"

बघितलं होतं.

रिपोर्टात दोन ढगांना दोन रकाने आहेत, टक्क्यांसकट.
मधल्यांना रकाना नाही. खाली शेऱ्याची जागा असते,
बहुतेकदा रिकामी जाणारी. तिथं मॅडमनी चार ओळी लिहिल्या,
दोन खोडल्या, एक परत लिहिली.
मी कुंपण पुसलं नाही. फाईल तशीच ठेवली, नावानं.

तिसऱ्या गेटवर आता उड्डाणपूल आहे.
फाटक गेलं, कंदील गेला, थांबणं गेलं.
रिक्षात बसले की मी अजून सांगते,
"तिसऱ्या गेटला सोडा,"
आणि कुठं ते कुणी विचारत नाही.