चंदी

पौषातली सकाळ, ग्वाल्हेरचं मेळ्याचं मैदान.
भदौरियासाहेब गजक मोडत म्हणाले,
"गेल्या साली होतं तेच."

गेल्या साली आम्ही पाच जण
दोन ठाणांमधल्या बोळात झोपलो,
उशाला तोबरा, पायाशी पिछाडीची मेख.
सुरमाच्या ठाणात हीटर, बारा बाय बारा,
चंदी घड्याळावर.

बजाबामामा बाही ओढत होते,
"देतील ते घे, पमे.
तीन पिढ्या मोतद्दारी केली, कुणी भाव नाही विचारला."

मी खरारा खाली ठेवला.
साडेसातशे रोज. अठरा दिवस.
आणि मला नि फुलाबाईला खोली,
आतून कडी असलेली.
"आतून?" ते हसले.
आतून.

"शब्द आहे माझा."
शब्द अंगावर ओढता येत नाही, साहेब.
लिहून द्या.

मग बराच वेळ काहीच नाही.
पलीकडे नालबंद दुसऱ्याच घोड्याचा खूर तासत होता.
शेवटी गजकच्या पुड्यामागे त्यांनी लिहिलं:
सहाशे ऐंशी. दोघींना तिकीटघरामागची खोली.
तिघांना तंबू, खाली गवत.
सहीत एक तीळ अडकला.

मामांना वाचता येत नाही.
तरी त्यांनी तो कागद दोनदा उलटा-सुलटा पाहिला,
मग बंडीत ठेवला.

रात्री कडी लावली. गोधडी कोरडी.
पण भिंतीमुळे सुरमाचा श्वास ऐकू येईना.
दोनदा उठले, मोबाईलच्या उजेडात ठाणापर्यंत गेले,
त्याचे कान गार पडलेत का चाचपून आले.

ह्या फेऱ्यांचे पैसे
मी लावलेच नव्हते.