तक्रारीचा रकाना

रविवार कारंजावर, चष्म्याच्या दुकानावर,
अरुंद जिन्याच्या टोकाला डॉक्टर बोरस्त्यांचा दवाखाना.
केसपेपर मी लिहिते. नाव, वय, धंदा, तक्रार.

धात्रक, निवृत्ती. एकसष्ट. बँडमध्ये क्लॅरिनेट.
तक्रार विचारली तशी मान खिडकीकडे वळली,
तोंडावर पालथा पंजा:
"बाई, तुम्हीच लिहा काहीतरी."

शेजारी अनुसयाबाई पिशवीच्या बंदाला पीळ देत बसलेल्या.
त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं
फक्त भाजीत कांदा कमी टाकला, निफाडच्या लेकीने,
आणि उशीपाशी लवंगांची डबी ठेवली.
सांगितलं ते हाताखालच्या शिकाऊ पोराने, भर मांडवात,
त्यांचं वाद्य ओठांना लावण्याआधी
तीनदा सदऱ्याला पुसून.

गावाचं नाव म्हणे नाकावरून पडलं.
तरी ज्याचं त्याला कळत नाही.

डॉक्टरांनी आरसा फिरवला. हिरड्या, जिभेवरचा थर,
मागची एक किडकी दाढ.
कागदावर लिहिलं: हॅलिटोसिस.

"हे मोठं काही आहे का?"

असं विचारणारं डॉक्टरांना कोणी भेटत नाही.
हातमोजे काढून ते स्टुलावर बसले.
हॅलिटस म्हणजे श्वास, वाफ. ते लॅटिन.
ओसिस ग्रीक. अवस्था, बहुतेक बिघडलेली.
माहेर एकीकडचं, सासर दुसरीकडचं,
लग्न लागून दीडशे वर्षं झाली असतील.

"मग यात घाण कुठंय?"
"शब्दात नाही. दाढेत आहे."

माझा रकाना रिकामाच होता.
'श्वास' लिहायला घेतलं, तर पेनाने दगा दिला,
श् कागदावर नुसताच ओरखडला,
उमटला तो वास.
गोदेपलीकडे पंचवटीत म्हणे वनवास झाला,
तिथे हाच शब्द राहण्याचा होता.
आम्ही त्याला 'मारायला' कधी लावलं, कोण जाणे.
झटकून पुन्हा गिरवला.

जिन्यात धात्रक थांबले. पंजा खाली.
बायकोकडे तोंड करून, नवा राग बसवावा तसं,
"हॅ... हॅलि..."
त्या शब्दाला आधी फुंकर सोडावी लागते,
सोडल्याशिवाय तो सुरूच होत नाही.

अनुसयाबाईंनी नाक मुरडलं, चांगलं खच्चून.
मागे मात्र सरल्या नाहीत.
"आधी दाढ काढा," म्हणाल्या,
आणि कठड्याला धरून हसत बसल्या.

गुरुवारी साडेदहा. उपाशी येऊ नका, असं मी ओरडून सांगितलं.