तेरा फूट

एप्रिल. अंगणातला बर्फ नुकताच गेलेला,
गवत चपटं, झोपेतून उठलेल्या केसांसारखं.
रॉल्फनं चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली :
तेरा फूट लांब, साडेसहा रुंद.
"या आत," म्हणाला. "दार इकडं आहे."
ऑटिस दोरीवरून उडी मारून आला,
त्याला परत पाठवलं, दारातूनच ये म्हणून.

मग आम्ही चौघं आडवे झालो.
अंथरूण आधी आखलं होतं, पाय आता पसरले.
रॉल्फचे घोटे भिंतीपलीकडे गेले.
"बाबा, तुझे पाय पावसात," सिग्ने म्हणाली.
शेजारचा लायल कुंपणाआडून बघत होता,
काही न विचारता घरात गेला.

त्याआधी डुलूथच्या शोरूममध्ये जाऊन आलो होतो.
तिथं एकीच्या पोटात विजेची शेकोटी,
बटण दाबलं की भिंतच बाहेर सरकायची.
सेल्समननं कागदावर लहानसा आकडा लिहिला,
महिन्याचा.
किती महिने, असं विचारल्यावर
पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
मी मनात मोजलं : शेवटचा हप्ता जाईल तेव्हा
ऑटिसला मिशा असतील.

आमच्या व्हॅनच्या पुस्तकात, टायरच्या पानाअलीकडे,
छापलंय ती किती ओढेल ते : पंधराशे पौंड.
त्यात पाणी धरलंय का,
स्वेटर, बटाटे, ऑटिसनं जमवलेले दगड?
ते कुणी छापत नाही.

पहिल्या जुन्या ट्रेलरला उंदरांचा वास होता.
दुसऱ्याला इतका लिंबाचा, की रॉल्फ कुजबुजला,
"हे काहीतरी लपवतायत."
तिसरा अर्डिस निएमीच्या गोठ्याआड,
अंड्यासारखा गोल, सायीच्या रंगाचा.
रॉल्फ गुडघ्यांवर बसला,
जमिनीचे कोपरे अंगठ्यानं दाबत गेला,
पाव भाजला का बघावं तसा.
चौथा कोपरा दबला.

"हो, तिथंच," अर्डिस म्हणाली.
"वारा पूर्वेचा असला की खिडकीतून येतं.
मी खाली भांडं ठेवते. हे भांडं."
निळं होतं, एक कान तुटलेला.
"ते किमतीत धरलंय."

कपाटाच्या दारावर, आतून, पेन्सिलीच्या खुणा.
मला वाटलं मुलांच्या उंच्या. नाही, रात्री होत्या त्या.
चार उभ्या, पाचवी तिरपी,
एकतीस उन्हाळे ओळीनं.
शेवटच्या ओळीत तीनच.
मी विचारलं नाही. तिनं दार लावलं
आणि मागचे दिवे पेटवून दाखवले.
डावा पेटेना.

ती पंचवीसशे म्हणत होती.
आमच्या कॉफीच्या डब्यात एकवीसशे चाळीस.
रॉल्फला घासाघीस येत नाही.
मला येते, पण त्या दिवशी तोंडातून निघेना.
डब्यात किती आहेत एवढंच सांगितलं.
अर्डिस सिग्नेकडे बघत होती :
ती मागच्या बाकावर मांडी घालून बसलेली,
चिखलाचे बूट काढून दाराशी जोडून ठेवलेले,
कुणी सांगितलं नसताना.
"डब्यासकट दे," अर्डिस म्हणाली.
"खिळे ठेवायला मला डबा हवाच होता."

पहिली सफर चाळीस मैलांची,
सरोवराच्या काठाकाठानं, मागचे लोक हॉर्न वाजवत.
बाक ओढून पलंग झाला, टेबल खाली जाऊन दुसरा झाला,
रॉल्फचे पाय सिंकखालच्या फटीत मावले,
जरा वाकडे, पण मावले.

पहाटे तीनला वारा फिरला.
टप्.
"जागी आहेस?"
"हं."
टप्.
निळं भांडं घरी, ओट्यावर,
विसरू नये म्हणून दाराजवळच्या ओट्यावर ठेवलेलं.
अंधारात हात फिरवला, काहीतरी रबरी लागलं,
तेच कोपऱ्यात सरकवलं.
आवाज बदलला, मऊ झाला. झोप लागली.

सकाळी ऑटिस एक बूट उलटा करून
दारात उभा, बाहेर पाणी ओतत.
"पण माझाच का?" म्हणाला.