'प' ते 'म'

पूर ओसरल्यावर शाळेचं कुलूप दगडानं फोडलं.
किल्ली होती माझ्याकडे,
पण कुलपात गाळ बसलेला.
कपाटाच्या खालच्या फळीवर शब्दकोश,
फुगून उशीएवढा.

चार दिवस पत्र्यावर वाळवला.
बाकीची पानं सुटली,
'प'पासून 'म'पर्यंतची मात्र
एकमेकांना धरून बसली.
फूटपट्टी घातली तर
शिळ्या भाकरीसारखी तुकड्यांनी निघाली.

म्हणजे आता चिखलीच्या सातवीला
पाणी नाही, पूर नाही, पंचगंगा नाही,
बाप नाही, भाकरी नाही, माती नाही.
अनुजा खाडे बोटं मोजत म्हणाली,
"बाई, मराठीबी न्हाई की."

मग एक शंभर पानी वही केली.
शब्द घरून आणायचा.
अर्थ ज्याचा त्यानं सांगायचा,
खाली सही करायची.

पहिल्या दिवशी आलं :
पाणी – एक द्रवरूप पदार्थ.
मी खोडलं. म्हटलं, हे विज्ञानाच्या पुस्तकाचं झालं,
तुमच्या घरात काय म्हणतात?
अल्फिया शिकलगार उठली :
पाणी – विळ्याला पाजतात ते.
नाही पाजलं तर धार टिकत नाही.
सही, तारखेसकट.

'मळी'वरून मधल्या सुट्टीपर्यंत भांडण.
रणवीरच्या घरचं गुऱ्हाळ. तो म्हणे,
काहिलीत रस उकळला की वर येते ती घाण,
भेंडीचं पाणी घालून धरायची, झाऱ्यानं काढायची.
तेजल म्हणे, घाण कशी?
मळी म्हंजे आमचं नदीकाठचं रान!
दोन्ही लिहिले. दोघंही फुरंगटून.

भावा – भाऊ नसला तरी म्हणायचं.
कंडक्टरला, दुकानदाराला,
धार काढताना कधी कधी म्हशीलासुद्धा.
(हा कुणाचा ते कळलं नाही. सही गिरगटलेली.)

इंद्रजित यवलुजेनं तीन आठवडे काही आणलं नाही.
मी वर्गात बोलले त्याला. नको ते बोलले.
डोक्यात भुसा आहे का, असं.
तो खिडकीजवळ जुना कोश घेऊन बसायचा,
वाचलेली पानं चाळत.
एका दुपारी उघडं पान घेऊन टेबलाशी आला.
'द' होता.
दावे – गुरे बांधण्याची दोरी.
"बाई, हे अर्धंच हाय."

समासात त्यानं पेन्सिलीनं लिहिलं,
ओळ वाकडी होत खाली गेली :
रात्री गोठ्यात पाणी आलं की
पहिलं हेच कापायचं.
आमच्या आज्ज्यानं तीन कापली.
चौथं भिजून आवळल होतं.

'आवळलं'वरचा अनुस्वार राहिला होता.
लाल पेन माझ्या हातातच होतं.
मी टोपण लावलं.

त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलं नाही.
सुट्टी झाल्यावर अल्फिया त्याला म्हणाली,
"उद्या तुझा विळा घेऊन ये,
अब्बा पाणी पाजून देतील."

दिवाळीनंतर महाद्वार रोडवरून नवा कोश आणला.
करकरीत, आत शाळेचा शिक्का.
पोरं रोज त्याचीच परीक्षा घेतात.
'म्हैस' आहे, 'म्हस' नाही : अर्धा मार्क.
'मळी' एकच, रणवीर खूश.
'भावा' नाही : नापास.

इंद्रजितनं 'दावे' काढलं.
तेच तीन शब्द, नव्या शाईत.
म्हणाला, "बाई, ह्यात पेन्सिलीनं चालंल का?"
मी म्हटलं, पेननं लिही.

तो लगेच लिहायला बसला नाही.
बराच वेळ बोट आडवं धरून
समास मोजत राहिला,
किती मावंल ते.